हरण्याची मुदत

साशंक: तुझा सल्ला ऐकायला सोपा आहे. संघ मोडा, बरे खेळाडू विकून टाका, तीन-चार वर्षं निमूट हरा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरच्या नंबरवर एखादा मोठा खेळाडू मिळवा आणि त्याच्याभोवती नवा संघ उभा करा. पण हा सल्ला तू सॅक्रामेंटो किंग्जच्या चाहत्याला देतोयस, हे लक्षात घे. 2006 नंतर थेट 2023 मध्ये हा संघ प्लेऑफमध्ये पोचला. मधले सलग 16 हंगाम कोरडे गेले. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाने पाहिलेला नाही. 2006 मध्ये इथे सॅक्रामेंटोत जन्मलेलं पोर कॉलेजात जायच्या वयाचं झालं, तेव्हा त्याने आपल्या गावातला पहिला प्लेऑफ सामना पाहिला. त्या पोराचं बालपण कोणी परत आणून देणार आहे का? आणि आता तू म्हणतोस, अजून थोडं हरू या.

समर्थक: दादा, त्या 16 वर्षांत किंग्जनी पुनर्बांधणी केली, असं तू धरून चालतोस. माझा आक्षेप तिथेच आहे. ते फक्त हरत होते. हरणं आणि पुनर्बांधणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्बांधणीत संघ आजचं काहीतरी विकून उद्याचं काहीतरी घेतो. किंग्जनी बऱ्याचदा उद्याचं विकलं आणि आजचंही हाती आलं नाही. 2015 चा तो व्यवहार आठव. राजाँ रॉन्डोसारख्या नावाजलेल्या खेळाडूंना आणायला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. ती मोकळी करण्यासाठी निक स्टॉसकस, आणखी दोन खेळाडू, पुढचा एक पहिल्या फेरीचा हक्क आणि वर ड्राफ्टमधली जागा अदलाबदल करायचा हक्क, एवढं सगळं फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. 2017 मध्ये ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत किंग्जचं नशीब उघडलं, तिसरा नंबर लागला. पण करारामुळे तो फिलाडेल्फियाने घेतला आणि किंग्ज पाचवर गेले. फिलाडेल्फियाने तोच नंबर आणखी मोबदला घालून बॉस्टनला दिला आणि पहिला नंबर घेतला. बॉस्टनने त्या तिसऱ्या नंबरवर जेसन टेटमला उचललं. 2024 चं विजेतेपद बॉस्टनने त्याच्याच जोरावर जिंकलं. पाचव्या नंबरवर डीॲरन फॉक्स मिळाला आणि तो चांगला निघाला, ते वेगळं. पण एका उन्हाळ्याच्या घाईपायी दोन वर्षांनंतरचं नशीब आधीच गहाण पडलं होतं.

साशंक: आणि 2018? तेव्हा तर काही गहाण नव्हतं. लॉटरीत पुन्हा उडी मिळाली, दुसरा नंबर आला. समोर लुका डॉन्चिच होता. आपण मार्विन बॅगलीला घेतलं. म्हणजे तुझ्या शास्त्रातल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. हरून झालं, नंबर मिळाला, हक्क स्वतःकडे होता. तरी हात रिकामा राहिला. मला त्या वेळच्या महाव्यवस्थापकांना, व्लादे डिवाचना, दोष द्यायचा नाही. एकोणीस वर्षांच्या पोराकडे बघून तो पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल हे सांगायचं, असलं हे काम आहे. त्यात चूक होणारच. माझी तक्रार तुझ्यासारख्यांशी आहे. हा सगळा खेळ जणू बँकेतली मुदतठेव आहे, अमुक वर्षं पैसे अडकवा आणि अमुक व्याज घ्या, असं तुम्ही चाहत्याला सांगता.

लॉटरी कशी चालते ते जरा जवळून बघ. एका यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू फिरत असतात. त्यातले चार बाहेर येतात. चार आकड्यांचे असे 1001 संच होऊ शकतात. एक बाजूला ठेवतात आणि उरलेले हजार संच प्लेऑफ हुकलेल्या 14 संघांत वाटतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाच्या वाट्याला त्यातले 250 यायचे. फिलाडेल्फियाने मुद्दाम हरण्याचा कळस केल्यावर लीगने नियम बदलले. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 संच मिळू लागले. म्हणजे 82 पैकी 60-65 सामने हरल्यावर पहिल्या नंबरची शक्यता 14 टक्के, आणि सर्वांत वाईट संघसुद्धा पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकतो. डेट्रॉईट 2023 मध्ये तळाला होता, पाचवा नंबर मिळाला. 2024 मध्ये पुन्हा तळाला, पुन्हा पाचवा. 2025 मध्ये तेच युटाच्या वाट्याला आलं. त्याच वर्षी किंग्जना प्लेऑफच्या पात्रतेसाठीच्या प्ले-इनमध्ये आपल्याच मैदानावर डॅलसने हरवलं. महिनाभराने तेच डॅलस 1.8 टक्के शक्यता असताना लॉटरी जिंकून कूपर फ्लॅगला घेऊन गेलं. आणि आपला त्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क एका जुन्या व्यवहारात अटलांटाला गेला होता. यातल्या कुठल्या गोष्टीला तू नियोजन म्हणशील?

समर्थक: नशिबाचा भाग मी नाकारत नाही. पण सॅक्रामेंटोला दुसरा रस्ता कुठला आहे, ते तू सांग. एनबीए बंद लीग आहे. तीस संघ, ना कोणी खाली जात ना कोणी वर येत. पगाराला मर्यादा आहेत, त्यामुळे मोठ्या खेळाडूला जवळपास सगळीकडे सारखेच पैसे मिळतात. मग तो लॉस एंजेलिसला जाईल, मायामीला जाईल, सॅक्रामेंटोला कशाला येईल? छोट्या शहराच्या संघाला अव्वल खेळाडू त्याच्या उमेदीच्या वर्षांत मिळण्याची खात्रीची जागा एकच, ड्राफ्ट. पहिल्या फेरीतला पोरगा चार वर्षं ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर खेळतो. त्यानंतरही दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या पगाराची बरोबरी करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क पहिल्या संघाकडे असतो. याखेरीज छोट्या शहराच्या हाती काय आहे? आपल्याकडच्या आयपीएलशी तुलना करू नकोस. तिथे काही वर्षांनी मोठा लिलाव होतो, जवळपास सगळेच नव्याने सुरुवात करतात. तळाच्या संघाला दोन हंगामांत वर येता येतं. इथे तशी सोय नाही.

ओक्लाहोमा सिटी बघ. महानगराचा परिसर सॅक्रामेंटोपेक्षा मोठा नाही, समुद्र नाही, हॉलीवूड नाही. 2019 मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला आणि ड्राफ्टच्या हक्कांचा ढीग घेतला. मग 2020-21 पासून दोन हंगाम मन घट्ट करून हरले, 22 विजय, मग 24. मग 40, मग 57 आणि 2024-25 मध्ये 68 विजय आणि अजिंक्यपद. पॉल जॉर्जच्या मोबदल्यात मिळालेल्या हक्कांपैकी एकावर 2022 मध्ये बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स आला. अंतिम मालिकेत त्याने एका सामन्यात 40 गुण केले. हे पाच-सहा वर्षांत झालं. आपले 16 हंगाम त्याच्या जवळपास तिप्पट होतात.

साशंक: ओक्लाहोमा सिटीचं नाव तू माझ्यापुढे घेशील, हे मला माहीतच होतं. तो संघ कुठून आला, तेही सांग. 2008 पर्यंत तो सिएटलचा होता. एक दिवस उचलून नेला. आणि पाच वर्षांनी सिएटलची मंडळी आमचा संघ न्यायला आली. 2013 चा तो वसंत मी विसरणार नाही. जुन्या मालकांचा विक्रीचा करार झाला होता, सामान बांधायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा हरणाऱ्या संघासाठी लोक रस्त्यावर आले, महापौर केविन जॉन्सन मालकांच्या बैठकांत भांडले. शेवटी मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर फेटाळलं. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंच्या गटाने संघ घेतला. आम्हा मराठी लोकांना त्याचा किती अभिमान वाटला होता! भारतात जन्मलेला माणूस पहिल्यांदा एनबीएच्या संघाचा मुख्य मालक झाला, आणि तोही रणदिवे आडनावाचा. 2019 मध्ये त्यांनी किंग्जना वरळीला खेळायला नेलं, भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. इंडियानाने आपल्याला दोन्ही हरवले, तरी इथे आम्ही आनंदात होतो.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की नव्या मैदानासाठी शहराने सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरचा वाटा उचलला. सार्वजनिक पैसा. म्हणजे इथला चाहता फक्त तिकीट काढून टाळ्या वाजवणारा नाही. संघ गावात राहावा म्हणून त्याने किंमत मोजली आहे. अशा माणसाला मार्च महिन्यात सांगायचं, की आज मुख्य खेळाडूच्या पाठीत जरा कळ आहे, तो बाकावर बसेल, आपण हरलो तर बरंच. हे मला पटत नाही. 2025 मध्ये युटाला खेळाडू बाहेर बसवण्यावरून एक लाख डॉलर दंड झाला. एनबीएच्या संघाला एक लाख म्हणजे किरकोळ खर्च. पण पोराचा हात धरून, किंग्जच्या चाहत्यांच्या सवयीने गळ्यात घंटा अडकवून आलेल्या बापाने त्या रात्रीचे पैसे कोणाकडे मागायचे?

समर्थक: त्या बापाचं काय करायचं, याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मी पुण्यात बसून बघतो. सॅक्रामेंटोचा सामना हिवाळ्यात इथे सकाळी साडेआठला लागतो. डबा भरता भरता अर्धा सामना होतो. हरलो तर माझं नुकसान काहीच नसतं, म्हणून मला हे बोलणं सोपं जातं, हेही कबूल. पण एक सांगतो. हंगाम हातातून गेल्यावर मी निकाल बघत नाही, एकेक पोरगा बघतो. कालपर्यंत डाव्या हाताने चेंडू नेताना गडबडणारा आज त्याच हाताने शिरतो का? दुहेरी पहारा आल्यावर पास वेळेत सुटतो का? बचावात मागे फिरताना मान वळवून आपला माणूस शोधतो का? हे बघायला मजा येते, त्यात मन खोटं करावं लागत नाही. पोरगा चांगला खेळला आणि संघ हरला, तर दोन्ही मला चालतं.

तू सिएटलचा विषय काढलास म्हणून आठवलं. सॅम प्रेस्टी 2007 मध्ये त्याच संघाचे महाव्यवस्थापक झाले, आणि अजिंक्यपद आलं तेव्हा तेच त्या जागेवर होते. मला त्यांचं यश त्यात दिसतं. चुका त्यांच्याही झाल्या, पण चुकीचं माप काढायला माणूस जागेवर होता. रणदिवेंच्या काळात किंग्जनी बास्केटबॉलचा कारभार चार जणांकडे दिला, प्रशिक्षक आठ झाले. मायकेल मलोनना 2014 मध्ये हंगामाच्या मध्यात काढलं. त्याच मलोननी 2023 मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं. माइक ब्राऊन 2023 मध्ये सर्वानुमते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये बाहेर. दर दोन वर्षांनी पाया उकरत राहिलं, तर वरचा मजला कधी चढणार?

साशंक: ब्राऊनचं नाव घेतलंस ते बरं झालं. तो 2022-23 चा हंगाम कशाने आला? पुनर्बांधणीच्या बरोबर उलट वागल्याने. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याकडे टायरीस हॅलिबर्टन होता, दुसऱ्याच वर्षातला, बाराव्या नंबरवर मिळालेला, सगळ्यांचा लाडका. महाव्यवस्थापक मॉन्टी मॅकनेअरनी तो इंडियानाला दिला आणि डोमांटास सबोनिस आणला. सगळा देश हसला. पुढच्या हंगामात 48 विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, लीगमधलं सर्वांत जोरदार आक्रमण. सामना जिंकला की मैदानाच्या छपरावरून जांभळा झोत आकाशात जायचा. घराच्या अंगणातून दिसायचा. सामना न बघणारे शेजारीसुद्धा बाहेर येऊन मान वर करायचे. ज्यांनी 2002 मध्ये लेकर्सविरुद्धची ती सातव्या सामन्यापर्यंत गेलेली मालिका हरताना पाहिली होती, ते आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन आले होते. 2023 च्या त्या प्लेऑफमध्ये सातव्या सामन्यात स्टेफ करीने 50 गुण केले आणि आपण बाहेर पडलो. पडलो तर पडलो. तो एक हंगाम तुझ्या कुठल्याही योजनेपेक्षा मला मोलाचा वाटतो. आपण जिंकायला खेळलो म्हणून तो मिळाला.

समर्थक: तो हंगाम मीही जगलो, त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण पुढचं बघ. 48 नंतर 46, त्यानंतर 40. ब्राऊन गेले, फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, मॅकनेअरही गेले. 2025-26 सुरू होताच पराभवांची रांग लागली. आणि हॅलिबर्टन? 2025 मध्ये त्याने इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. तो सामना चालू असताना त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला, नाहीतर काय झालं असतं कोणी सांगावं. आपण एक सुंदर वर्ष घेतलं आणि एक दशक दिलं.

साशंक: थांब, त्या उदाहरणाने तूच अडचणीत येतोस. इंडियानाने तेव्हा मुद्दाम हरण्याचा रस्ता धरला नाही. त्यांचा एक हंगाम वाईट गेला, एक मध्यम, आणि ते वर आले. त्यांचा मुख्य खेळाडू लॉटरीतून नव्हे, व्यवहारातून आला. तुझा गिल्जस-अलेक्झांडरही व्यवहारातून आला. डेन्व्हरचा निकोला योकिच 41 वा, मिलवॉकीचा यानिस 15 वा. आणि ज्यांनी पोथीबरहुकूम सगळं केलं, ते फिलाडेल्फिया? महाव्यवस्थापक सॅम हिंकींच्या काळात तीन हंगामांत 19, 18, 10 विजय. जोएल एम्बीड मिळाला, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पहिल्या नंबरवर बेन सिमन्स मिळाला, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या नंबरवर मार्केल फुल्ट्झ. इतकं पदरात पडूनही दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेले नाहीत. 2024-25 मध्ये पुन्हा 24 विजयांवर. बारा वर्षांनी जिथून निघाले तिथेच.

समर्थक: एम्बीडचे गुडघे धडधाकट राहिले असते तर...

साशंक: तसं म्हटलं तर हॅलिबर्टनचा पाय, आपल्या ख्रिस वेबरचा 2003 मधला गुडघा, कोणाचंही नाव घेता येईल. मला 'तर' नको. मला मुदत हवी. किती वर्षं हरायचं ते आधी सांग. तीन? पाच? तेवढ्यात झालं नाही, तर रस्ता बदलायचा, असं चाहत्याला लेखी दे. मग मी तुझ्याबरोबर हरायला तयार आहे.

समर्थक: ती मुदत मी देऊ शकत नाही. टाळाटाळ करत नाही, कारण सांगतो. डेट्रॉईट. 2021 मध्ये पहिल्या नंबरवर केड कनिंगहॅम मिळाला. त्यानंतर तिसऱ्या हंगामात, 2023-24 मध्ये, ते सलग 28 सामने हरले. एका हंगामातला तो विक्रम आहे. एकूण विजय 14. तुझी तीन वर्षांची मुदत त्या दिवशी संपली असती आणि कनिंगहॅम विकला गेला असता. पुढच्याच हंगामात त्यांनी 44 सामने जिंकले. आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त, असं आधी कोणालाच जमलं नव्हतं. न्यूयॉर्ककडून पहिल्या फेरीत हरले, पण 2008 नंतर पहिल्यांदाच त्यांनी प्लेऑफचा सामना जिंकला होता. मुदत घातली असती तर हे सगळं मुदतीच्या पलीकडेच राहिलं असतं.

साशंक: आणि मुदत नव्हती म्हणून फिलाडेल्फिया वाहवत गेलं. मग सांग, आतून बघणाऱ्याने ओळखायचं कसं? 2024 च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या रिकाम्या खुर्च्यांत बसलेल्याला आपला संघ वर चाललाय की बुडतोय, हे कशावरून कळायचं? मघाशी तू माणसं टिकवण्यावर बोट ठेवलंस. पण डेट्रॉईटने त्या हंगामानंतर प्रशिक्षक काढला, तोही एकाच वर्षात. कारभारही दुसऱ्याकडे गेला. म्हणजे तुझा प्रेस्टींचा नियम तिथे लागत नाही. किंग्जनी जे केलं म्हणून तू त्यांना नावं ठेवतोस, तेच करून डेट्रॉईट वर आलं.

समर्थक: हे बरोबर आहे, आणि मला आधी सुचलं नव्हतं. पण फरक आहे. डेट्रॉईटने वरची माणसं बदलली आणि पोरं ठेवली. कनिंगहॅम, जेलन ड्यूरेन, ऑसार थॉम्प्सन, कोणाला हलवलं नाही. उलट त्यांच्याभोवती टोबायस हॅरिससारखे जाणते खेळाडू आणून बसवले. किंग्जनी वरची माणसं बदलली आणि प्रत्येक नव्या माणसाने आधीच्याची पोरं विकली. हॅलिबर्टन तर ज्यांनी निवडला त्यांनीच दिला. तेव्हा मी माझा नियम बदलतो. कोण निवडतो यापेक्षा निवडलेल्याला वाढू देतात का, हे बघायचं.

साशंक: ठीक, हा नियम मला जास्त पटतो, कारण यात मला हरण्याची बाजू घ्यावी लागत नाही. एखाद्या पोराची बाजू घेता येते. पण मग लगेच पुढचा प्रश्न. आज किंग्जकडे असा कोण आहे?

समर्थक: कीगन मरे. 2022 मध्ये चौथ्या नंबरवर घेतलेला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करारही केला.

साशंक: मरेचा जन्म 2000 चा. तू आजपासून मोडतोड सुरू केलीस आणि सगळं ओक्लाहोमाच्या वेगाने जमलं, तरी संघ उभा राहीपर्यंत तो तिशी ओलांडेल. तुझ्या हिशेबाने त्यालाही आत्ताच विकून पुढचे हक्क घ्यायला हवेत. आणि तुझ्या नव्या नियमाने ठेवायला हवा.

समर्थक: हो. हे दोन्ही जुळत नाहीत. विकला तर आपण पुन्हा तेच केलं, आणखी एका पोराला वाढवून दुसऱ्याला दिलं. ठेवला तर हरण्यातून जे मिळवायचं ते अर्धवट मिळणार, कारण त्याच्यासारखा खेळाडू वर्षाला चार-सहा सामने जिंकून देतोच, आणि तेवढ्याने लॉटरीतली जागा खाली जाते. मला अजून ठरवता आलेलं नाही.

साशंक: माझं ठरलंय. ठेवायचा, आणि तो मैदानात असेल त्या प्रत्येक रात्री जिंकायला खेळायचं.

समर्थक: आणि त्यातून दरवर्षी 35 विजय आणि नववा-दहावा नंबर आला तर? ना प्लेऑफ ना वरचा हक्क, असे कित्येक हंगाम तूच पाहिलेस.

साशंक: पाहिलेत. म्हणूनच तुला मुदत विचारली होती. माझ्या रस्त्यालाही ती लावून बघ. किती वर्षं नववा नंबर चालवून घ्यायचा, याचा आकडा मलाही देता येत नाही.